नाबोर प्रेसुंतो

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा पडला आणि आग बसली. डोंगरावर गेलेली माणसं एकेक करून खाली येऊ लागली. ओतिलियानं चुलीवर पाण्याचं मोठं मडकं चढवून ठेवलं होतं. नाबोर फाटकातून आत आला तो तिनं चालीवरून ओळखला. तोंड काजळलेलं, भुवया जळून गेलेल्या. खांद्यावर आग झोडपायची पाइनची फांदी तशीच होती. पाला करपून तिचा नुसता खराटा राहिला होता.

"ती खाली ठेव आता," ती म्हणाली.

त्यानं फांदी भिंतीला टेकवली. पाणी प्यायला, खोकला, काळं थुंकला आणि अंगणातल्या ओंडक्यावर बसला.

"फिदेन्सिओला घोंगडीत घालून खाली आणलाय. पेटतं खोड आलं अंगावर. उजव्या हाताचं काही खरं नाही. ट्रकमधून वाहाका शहरात, इस्पितळात नेतायत."

"देवा! आणि खोविता?"

"ती गेली बरोबर."

फिदेन्सिओ आणि खोविता म्हणजे शेजारचं घर. फिदेन्सिओ सेनाइदाचा, यांच्या एकुलत्या लेकीचा, धर्मबाप. त्यामुळे चौघं एकमेकांना कोम्पाद्रे, कोमाद्रे म्हणायचे. त्याची बैलजोडी दोन्ही घरांचं शेत नांगरायची, आणि मका काढायच्या वेळी नाबोर-ओतिलिया ही नवराबायको आधी त्याच्या शेतात उतरायची, मग स्वतःच्या. लग्न झाल्यापासून असंच चालत आलं होतं.

ओतिलियानं मक्याच्या भाकरी आणि काळ्या घेवड्याची वाटी पुढे ठेवली. नाबोरनं एक घास खाल्ला आणि चावता चावता थांबला.

"आपला तुकडा नीट विझला होता ना गं?"

"कुठला?"

"आपण भाजला तो."

आग लागायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी पेरणीसाठी उतारावरचा तुकडा भाजला होता. दरवर्षी भाजायचे तसाच. रानाच्या कमिटीला सांगून, भोवती रुंद पट्टा खरवडून, वारा नसलेली सकाळ बघून.

"मी राखेत हात घालून बघितला होता. तू समोर उभा होतास. गार होती."

"वरची गार असते."

"अरे, आग लागली वरच्या धारेवर. आपला तुकडा कुठं, धार कुठं? मध्ये ओढा आहे."

"ठिणगीला ओढा आडवा येतो होय," तो म्हणाला आणि भाकरी तशीच ठेवून हात धुवायला उठला. कितीतरी वेळ हात चोळत होता. पाणी काळंच पडत राहिलं.

आठवडाभरानं लाम्बेर्तोकाका घरी आले. ते रानाच्या कमिटीचे अध्यक्ष. सान सेबास्तियानचं रान सगळ्या गावाच्या मालकीचं. पाइन तोडायचा, गावच्याच आरागिरणीत फळ्या पाडायच्या, आणि त्यावर अर्ध्या गावाची रोजची चूल, शाळेचं छप्पर, दवाखान्यातली नर्स, सगळं भागवायचं. काकांनी हॅट काढून गुडघ्यावर ठेवली, कॉफी घेतली आणि बराच वेळ पावसाबद्दल बोलत राहिले. माणूस वाईट नव्हता. ओतिलियाचा बाप गेला तेव्हा पेटीच्या फळ्या त्यांनी स्वतः रंधा मारून दिल्या होत्या.

"जंगलखात्याची माणसं येऊन गेली," शेवटी ते म्हणाले. "आरा बंद ठेवा म्हणतात. आग कुणामुळं लागली त्याचं नाव द्या, मगच तोडीचा परवाना."

"कुणामुळं लागली?" ओतिलियानं विचारलं.

"तेच तर." काकांनी कपात बघितलं. "पण नाव लागतं बाई. त्यांच्या कागदात तेवढी जागा असते, ती रिकामी ठेवून चालत नाही."

काका नाबोरकडे वळले.

"त्या आठवड्यात भाजणी तुझी एकट्याचीच होती, नाबोर. तू लावलीस असं कुणी म्हणत नाही. मी तर मुळीच नाही. ते लिहिणार 'प्रेसुंतो'. सरकारी शब्द आहे. प्रेसुंतो म्हणजे काय? कदाचित. कदाचित यानं केलं असेल, कदाचित नसेल."

"मग तुमचंच नाव लिहा की," ओतिलिया म्हणाली. "कदाचित तुम्हीही असाल."

"ओतिलिया!"

"बोलू दे तिला. बरोबर बोलतेय." काका दुखावले नाहीत, नुसते थकल्यासारखे दिसले. "पण मी कुठं भाजणी केली? माझं नाव त्यांना पटायचं नाही. पोरी, आरा बंद राहिला तर गावातली सगळी तरणी पोरं कामासाठी सीमेपलीकडं, उत्तरेची वाट धरतील. पुरावा काहीच नाही, दोनचार वेळा बोलावतील आणि सोडून देतील. आणि गाव आहे ना पाठीशी."

गावानं सांगितलेल्या कामाला नाबोर कधी नाही म्हणाला नव्हता. एक वर्ष गावचा शिपाई होऊन हातात काठी घेऊन फिरला, एक वर्ष पाण्याची टाकी सांभाळली, देवळाचा घंटा वाजवणारा आजारी पडला तेव्हा महिनोन् महिने घंटा वाजवली. पण त्या दिवशी त्याच्या मनात निराळंच काही चाललं होतं, आणि ते ओतिलियाला त्याच्या तोंडावर दिसलं. त्याला स्वतःचीच खात्री नव्हती.

"मी भाजलं होतं, हे खरंय," तो म्हणाला. "तेवढं खरंय."

"बस्स. तेवढंच सांग."

त्यानं पॅंटला अंगठा पुसला, शाईत बुडवला आणि काकांच्या कागदावर उठवला. ओतिलिया उठून चुलीपाशी गेली आणि नको असताना लाकूड आत सरकवत बसली.

आरा सुरू झाला. सकाळी पुन्हा करवतीचा आवाज दरीत घुमू लागला, लोक कामाला लागले, आणि शब्द गावात शिरला.

सुरुवातीला थट्टाच होती. दुकानापाशी मेस्कल पीत बसलेल्यांतला कुणी म्हणायचा, "सरका रे, प्रेसुंतो आला. काड्यापेट्या लपवा!" नाबोरही हसायचा. "दे इकडं," म्हणायचा, "कदाचित पेटेल." लोकांना हे फार आवडलं. पण थट्टा जुनी झाली तरी शब्द तसाच राहिला. गावकामाच्या हजेरीला 'नाबोर येस्कास' पुकारलं की मागून कुणीतरी ओरडायचं, "प्रेसुंतो हजर!" पुढं पुढं पुकारणाराही तेच पुकारू लागला. त्यांचं कुत्रं प्रेसुंतोचं कुत्रं झालं.

मक्याच्या गिरणीवर पहाटे बायकांची रांग लागायची. रेमेदिओस गिरणी चालवायची. बाई मोठ्या आवाजाची, पण मोजमापाला सरळ. चुन्यात शिजवलेल्या मक्याच्या बादल्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. एक दिवस तिनं एक बादली पायानं जरा बाजूला सरकवली आणि विचारलं, "ही कुणाची?"

"प्रेसुंताची, प्रेसुंतोच्या बायकोची," कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

"तिला नाव आहे," ओतिलिया म्हणाली.

"बादलीला?" रेमेदिओस म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला. ओतिलियाही ओठ ताणून हसली. न हसून करते काय?

पाऊस लागायच्या सुमारास फिदेन्सिओ शहरातून परत आला. हात वाचला होता, पण बोटं आत वळून पक्ष्याच्या पंजासारखी घट्ट बसली होती. त्याला ट्रकमधून उतरताना गावानं बघितलं आणि हसणं बंद झालं. जळलेलं रान लांबून बघता येत होतं. हा हात रोज रस्त्यात भेटणार होता.

नाबोर कोंबडी घेऊन भेटायला गेला. खोवितानं दारातच कोंबडी घेतली. "झोपलेत," म्हणाली. नाबोरला आतल्या बाकावर बसलेल्या फिदेन्सिओचे पाय दिसत होते. पुढच्या रविवारी गेला तेव्हाही फिदेन्सिओ झोपलेलाच होता. मग नाबोर जायचा थांबला. देवळात फिदेन्सिओ आणि खोविता दुसऱ्या बाजूला बसू लागली. हे सगळ्यांच्या नजरेत भरलं. "स्वतःचा कोम्पाद्रे तोंड बघत नाही," लोक म्हणू लागले, "म्हणजे काहीतरी असेलच."

बैल मागायचा प्रश्नच राहिला नाही. त्या वर्षी तिघांनी कुदळीनं शेत उकरलं. उतारावरची माती वरून चिखल आणि आतून विटेसारखी. नाबोर पुढं कुदळ हाणायचा, ओतिलिया मागून ढेकळं फोडायची, सेनाइदा टोकणकाठीनं भोक पाडून दाणे टाकायची आणि पायानं माती सारायची. दुपारपर्यंत ओतिलियाची कंबर अशी धरायची की सरळ उभं राहण्यापेक्षा वाकून राहणंच बरं वाटायचं. तळहाताचे फोड फुटले, त्यावर तिनं चरबी लावून फडकं बांधलं. खालच्या शेतात फिदेन्सिओचे बैल कुणा भाडोत्र्याच्या हाताखाली चालत होते. बैलांनी मान वर करून ओळखीच्या आवाजाकडे बघितलं, तेवढंच.

एकदा नाबोर दिसेना म्हणून ओतिलिया त्याला शोधत गेली. तो शेताच्या वरच्या कडेला गुडघ्यांवर बसला होता आणि खरवडलेल्या पट्ट्याची माती हातानं उकरत होता.

"काय शोधतोस?"

"मूळ. जमिनीखालून एखादं मूळ धुमसत गेलं असेल तर."

"सापडलं?"

"नाही."

"मग उठ."

"पण पाऊस पडून गेलाय गं. आता काय सापडणार?" तो म्हणाला आणि उकरतच राहिला.

दर महिन्याला त्याला वाहाकाला जाऊन हजेरीचा अंगठा द्यावा लागे. अंधारात निघायचं, ट्रक, मग बस, मग कचेरीच्या बाकावर बसून राहायचं. हॅट मांडीवर, पायात धुतलेल्या चपला. बोलावणं येईपर्यंत लघवीलाही उठायचं नाही, कारण उठला आणि नाव पुकारलं तर पुन्हा महिन्याभरानं. परत आला की ओतिलिया कॉफी ओतायची आणि तो तिला हकीकत सांगायचा.

"आज बढती मिळाली," एकदा म्हणाला.

"कसली?"

"आता मी प्रेसुंतो नाही. इंपुतादो झालो."

"म्हणजे?"

"मी विचारलं. बाई म्हणाली, तेच, पण आता फाइलला नंबर पडलाय."

पुढच्या खेपेला आणखी निराळा शब्द होता, तो त्याला नीट म्हणता येईना. सुरुवातीला हे सांगताना त्याच्या आवाजात थोडी मजा असायची. पुढं तो नुसता कॉफी प्यायचा. शहरातले शब्द बदलत गेले, गावात मात्र पहिलाच पक्का बसला.

ऑगस्टमध्ये सेनाइदानं कपडे बांधले. शहरात एका खानावळीत काम मिळालं होतं.

"इथं काय कमी आहे?" ओतिलियानं विचारलं. विचारलं आणि स्वतःलाच ते पोकळ वाटलं.

"तिकडं मला सेनाइदा म्हणतील, आई," मुलगी म्हणाली.

नाबोर अंगणात लाकूड फोडत होता. त्यानं ऐकलं. कुऱ्हाड ओंडक्यात रुतली ती त्याला ओढून काढता येईना. मग ती तशीच रुतवून ठेवून तो मुलीचं बोचकं ट्रकपर्यंत घेऊन गेला.

मका पिकला. कणसं वाळून खाली माना टाकू लागली. थंडी पडायच्या आधी काढणी व्हायला हवी होती.

"कोम्पाद्रेच्या शेतात जायचं का?" ओतिलियानं विचारलं.

"जायचं काय तोंडानं?"

"तोंडानं काढायचा असतो का मका?"

नाबोरची त्याच दिवशी कचेरीची पाळी होती. ओतिलिया एकटीच गेली. कंबरेला टोपली बांधली, मनगटाला सालं फाडायचा हाडाचा दाभण अडकवला आणि न विचारता पहिल्या ओळीत शिरली. खोविता दुसऱ्या टोकाला होती. तिनं बघितलं आणि ती पुन्हा कणसं मोडू लागली. फिदेन्सिओ बांधावर बसला होता, दुखरा हात सदऱ्यात खुपसून. उन्हं चढली. ओतिलिया साल फाडत, कणीस मोडत, मागं टोपलीत टाकत पुढं सरकत राहिली. पानांच्या कडांनी मनगटं चरचरली. खोवितानं पाण्यानं भरलेला पोकळ भोपळा आणून तिच्यापुढे धरला, पण नजर जमिनीवर.

ओतिलियानं पाणी घेतलं नाही.

"खोविता, वर बघ," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं तुझ्या नवऱ्याचा हात जाळला असं तुला वाटत असेल तर तोंडावर म्हण. शिव्या दे. मी ऐकून घेते. पण असं आम्ही मेल्यासारखं वागू नकोस. मी थकले गं. आता माझ्यानं होत नाही."

खोवितानं नवऱ्याकडे बघितलं आणि एकदम रडायलाच लागली. भोपळ्यातलं पाणी तिच्या पायांवर सांडलं.

"सांगून टाका," ती फिदेन्सिओला म्हणाली. "नाहीतर मी सांगते."

फिदेन्सिओ उठला.

"कोमाद्रे, आग आम्ही लावली."

ओतिलिया त्याच्याकडे वळली.

"लावली म्हणजे... आम्ही चौघं कमिटीच्या तोडीवर होतो, वरच्या धारेला. दुपारी कॉफी उकळली. संध्याकाळी बास्केटबॉलची मॅच होती, सगळ्यांना खाली यायची घाई. मीच माती लोटली विस्तवावर. मीच म्हटलं, झालं, विझला, चला." त्यानं हात सदऱ्यातून बाहेर काढला. "रात्री धूर दिसला तसा मी पळत लाम्बेर्तोकाकांकडे गेलो. ते म्हणाले, कमिटीच्याच माणसांनी लावली असं कळलं तर परवाना कायमचा जाईल. कुणी तोंड उघडायचं नाही. मग मी इस्पितळात होतो. परत आलो तेव्हा कळलं, तुमचं नाव दिलंय."

"आणि तू झोपलेला होतास," ओतिलिया म्हणाली.

"कोम्पाद्रेच्या तोंडाकडे बघवेना."

"गाव काय समजलं, माहीत आहे?"

"माहीत आहे."

ओतिलियाला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर आपण ओरडू, दगड उचलू. तसं काहीच झालं नाही. ओळ अर्धी राहिली होती. ती वळली आणि साल फाडायला लागली. थोड्या वेळानं खोविता शेजारच्या ओळीत आली. त्या दोघींनी मिळून ती ओळ संपवली. मग ओतिलियानं टोपली रिकामी केली आणि घरी गेली.

नाबोर संध्याकाळी परतला. तिनं त्याला बसूही दिलं नाही, दारातच सगळं सांगितलं. तो ऐकत उभा राहिला. हॅट हातात फिरवत होता.

"म्हणजे आपला तुकडा विझला होता," तो म्हणाला.

"मी पहिल्या दिवसापासून काय सांगतेय?"

"विझला होता." त्यानं भिंतीला हात टेकला. "गार होती राख."

"नाबोर, त्यांनी तुला फसवलं. काका इथं बसून माझी कॉफी प्यायले आणि..."

पण त्याचं लक्ष नव्हतं. तो आत गेला, चपलांसकट चटईवर आडवा झाला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात येईपर्यंत झोपला. आग लागल्यापासून तो असा झोपला नव्हता. ओतिलियानं त्याच्या चपला काढल्या आणि उशाशी बसून राहिली.

उठल्यावर तो म्हणाला, "राहू दे आता. मला कळलं, पुरे झालं."

"तुला पुरे झालं. माझी पोरगी कुणाच्या ताटल्या धुतेय."

"आरा बंद पडेल, ओतिलिया."

"पडेल."

"लोक आपल्यालाच बोलतील."

"आत्ता काय ओवाळतायत?"

वर्षअखेरची सभा गावच्या मोठ्या खोलीत भरली. पुरुष बाकांवर, बायका मागच्या भिंतीला. आरागिरणीचा हिशेब वाचून झाला, देवाच्या जत्रेचं ठरलं, पुढच्या वर्षीच्या गावकामाच्या नेमणुका झाल्या. "आणखी कुणाला काही?" लाम्बेर्तोकाकांनी नेहमीसारखं विचारलं आणि हॅट उचलली.

"मला," ओतिलिया म्हणाली.

माना मागं वळल्या. ती पुढं आली नाही. जिथं उभी होती तिथूनच बोलली, शाल छातीशी घट्ट धरून.

"आग वरच्या धारेवर कमिटीच्या तोडीवाल्यांच्या चुलीतून लागली. काकांना पहिल्या रात्रीपासून ठाऊक आहे. त्या चौघांनाही. मला कुणाला तुरुंगात नाही घालायचं. कुणी आमच्या पाया पडायला नको. ते इथं सगळ्यांसमोर म्हणा, तेवढं बास."

खोलीत नुसती बाकं करकरली.

"ओतिलिया," काका हळू म्हणाले, "इथं बोललेलं कागदावर जातं. कागदावरचं शहरात जातं. मग आरा राहत नाही. तू एका घराचं बघतेस, मला सगळ्या गावाचं बघावं लागतं."

"सगळ्या गावात आमचं घर धरलं होतं का, काका?"

"नाबोरनं स्वतः अंगठा दिला!" कुणीतरी ओरडलं.

"दिला," नाबोर बसल्या जागेवरून म्हणाला. "मला वाटलं, कदाचित मीच असेन. मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी सांगायला हवं होतं."

एवढं तो गावासमोर कधी बोलला नव्हता. तोडीवाल्यांतले दोघं जमिनीकडे बघत होते, एक उठून बाहेर जाऊ लागला. तेव्हा फिदेन्सिओ उभा राहिला. मत द्यायला वर करतात तसा त्यानं हात वर केला, तो पंजासारखा वळलेला हात, आणि म्हणाला, "विस्तवावर माती मी लोटली. लिहून घ्या."

लिहिणाऱ्यानं काकांकडे बघितलं. काकांनी डोळे मिटले, मग मान हलवली. त्यानं लिहून घेतलं.

पुढचं शहरात झालं. एकट्या फिदेन्सिओवर ढकलायला सभा तयार झाली नाही. एवढं झाल्यावर आणखी एक प्रेसुंतो करायची कुणाची छाती नव्हती. दोष कमिटीचा असं लिहून दिलं गेलं. लाम्बेर्तोकाकांनी अध्यक्षपद सोडलं. तोडीचा परवाना थांबला, जळलेल्या सगळ्या धारेवर गावानं पुन्हा झाडं लावायची असं ठरलं. नाबोरला शेवटचं बोलावणं आलं. कारकून बाईनं फाइलवर शिक्का मारला आणि जा म्हणाली.

"मग आता मी कोण?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. पुढचा!"

हे घरी सांगताना तो हसला, आणि बऱ्याच दिवसांनी ओतिलियाही हसली.

आरागिरणीला कुलूप लागलं. सकाळी दरीत आवाज येईनासा झाला. वसंतापर्यंत कितीतरी घरांतली पोरं उत्तरेला निघून गेली. रेमेदिओसचा थोरलाही गेला. सेनाइदा मात्र परत आली नाही. तिकडंच बरं चाललंय असा निरोप आला. नाबोरला निम्मं गाव अजून प्रेसुंतोच म्हणतं. लागलेली सवय. तो ओ देतो. फिदेन्सिओ स्वतः बैल घेऊन आला तेव्हा नाबोरनं जू धरलं. देवळात फिदेन्सिओ आणि खोविता पुन्हा आपल्या जुन्या बाजूला बसू लागली. बाकीची माणसं आता ओतिलिया आली की बोलायची थांबत.

पाऊस लागल्यावर रोपं लावायचं गावकाम निघालं. प्रत्येक घरातलं माणूस. नाबोरचा गुडघा सुजला होता म्हणून ओतिलिया आली. धारेवर काळी खोडं उभी होती आणि ढग त्यांच्यातून वाहत होता. माती ओली, राखेनं मऊ, पाय घोट्यापर्यंत रुतत. जोड्या लावून दिल्या, एकानं खणायचं आणि दुसऱ्यानं टोपलीतून रोप द्यायचं. ओतिलियाच्या वाट्याला रेमेदिओस आली.

बराच वेळ दोघी वर वर सरकत राहिल्या. ओतिलिया खणायची, हात पुढं करायची, रोप हातात यायचं. रेमेदिओस धापा टाकत होती. मध्येच ती थांबली.

"माझा पोरगा कुठं आहे, मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "फोन नाही, काही नाही. वाळवंटातून गेलाय एवढंच कळलं. आरा चालू असता तर तो इथं असता. तुझ्यामुळं गेला."

ओतिलियाकडे उत्तरं होती. ती तिनं पहाटे गिरणीच्या रांगेत उभं राहून कितीदा मनात जुळवली होती. चौघांची कॉफी, काकांचं खोटं, अंगठा, लांब गेलेली स्वतःची पोरगी. तिनं कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि रेमेदिओसच्या तोंडाकडे बघितलं. पावसानं आणि रडण्यानं ते तोंड सुजलं होतं.

"हो," ती म्हणाली. "सभेत मीच बोलले."

रेमेदिओस पुढचं ऐकायला थांबली. पुढं काही आलं नाही. तिनं टोपलीत हात घातला, एक रोप काढलं, आणि ते ओतिलियाच्या हातात न देता खड्ड्याच्या कडेला ठेवलं.

ओतिलियानं ते उचललं. मुळं सरळ केली, माती सारली आणि टाचेनं दाबली. मग एक पाऊल वर चढून पुन्हा खणू लागली.